ओल्या चुन्याची कमान

नदीच्या ऐन मधोमध, जिथं पाणी दोन वाटांनी फुटतं, तिथं एक काळा कातळ दिसतो ना, तोच मी बोलतोय. माझं वय विचारू नका. मला ते मोजता येत नाही, आणि मोजणारं कुणी तेव्हा जवळपास नव्हतं. एवढं खरं की नदी आली तेव्हा मी इथंच होतो. तिला सरळ जायचं होतं, मी वाट दिली नाही. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. ती येताजाता धक्के मारते, मी सोसतो.

माणसं फार उशिरा आली. एकदा वादळात अलीकडच्या काठावरचं एक झाड उन्मळून पडलं आणि त्याचा शेंडा माझ्यावर येऊन टेकला. काही दिवसांनी एक बाई पाठीला मूल बांधून त्या खोडावर चढली. चार पावलं टाकली की थांबायची आणि खाली बघायची. शेवटी ती खोडावर बसलीच, आणि डोळे मिटून सरकत सरकत माझ्यापर्यंत आली. माझ्यावर पाय ठेवला तशी हसली. पुढं जायला काहीच नव्हतं, पलीकडंही तेवढंच पाणी. थोडा वेळ तिनं त्या काठाकडं टक लावून बघितलं आणि आली तशी परत गेली. पलीकडं काय आहे हे बघितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

खोड कुजून गेलं. मग माणसांनी वेली पिळून दोर केले, माझ्या माथ्यावर दगडांच्या राशीत दोन उंच खांब उभे केले आणि दोरांचा पूल दोन्ही काठांना बांधला. त्यावरून एका वेळी एकानंच जायचं. पाय टाकला की पूल खाली जायचा, उचलला की वर यायचा. दोर पाण्याच्या तुषारांनी कुजायचे म्हणून दर वर्षी नवे विणावे लागत. ज्या वर्षी आळस झाला, त्या वर्षी कोण पडलं ते नदीला ठाऊक.

दोरांवरून माणूस गेला, पण गाडी कशी जाणार? बैल कसा जाणार? मग एक सुतार आला. थोराड हाडाचा, कमी बोलणारा. त्यानं नदीच्या तळात लाकडी खांब ठोकले, माझ्या अंगात भोकं पाडून त्यात खांब उभे केले आणि वर फळ्या अंथरल्या. माझ्या अंगाला छिन्नी लागली ती पहिल्यांदाच. दुखलं. पण पहिली भरलेली गाडी खडखडत माझ्यावरून पलीकडं गेली तेव्हा मला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

तो पूल बरीच वर्षं चालला. मग एका पुरात वरून झाडं वाहत आली आणि खांबांना अडकली. त्यांच्यात काटक्या, गवत, मेलेली गुरं अडकत गेली आणि बघता बघता पुलाला लागून एक बांधच तयार झाला. पाणी मागं तुंबलं. सुतार कुऱ्हाड घेऊन पुलावर धावला, वाकून वाकून फांद्या तोडू लागला. काठावर त्याची दोन मुलं उभी होती, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. ती दोघं गळा फाडून बापाला हाका मारत होती. सुतारानं एकदा वळून हात केला, थांबा, आलोच, अशा अर्थाचा. तेवढ्यात सबंध पूल कुशीवर वळल्यासारखा आडवा झाला आणि गेला.

त्यानंतर होडी सुरू झाली. होडी म्हणजे दर वर्षी एखादी उलटायचीच.

ती दोन मुलं मोठी झाली. मुलगा बापासारखा सुतार झाला. मुलीनं चुन्याचं काम धरलं. भट्टीतून आलेला चुना भिजवायचा, वाळू घालून दगडी चाकाच्या घाण्यात मळायचा, बोटांत चोळून बघायचा. तिचा हात एवढा बसला, की लोक तिला नावानं न बोलावता चुनेवालीच म्हणायला लागले. तिनं लग्न केलं ते एका गवंड्याशी. हा गवंडी दगडाचा माणूस. दगडाला हातोडी मारून कानानं ऐकायचा, आणि आवाज पटला नाही की दगड बाजूला टाकायचा. असल्या नवऱ्याबरोबर संसार कसा करतेस, असं कुणी तरी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "सोपं आहे. मी कधी पोकळ बोलतच नाही."

दोन्ही काठांच्या लोकांनी मिळून दगडी पूल बांधायचं ठरवलं आणि ते काम या तिघांकडं आलं. आधी अलीकडच्या काठापासून माझ्यापर्यंत एक कमान, मग माझ्यापासून पलीकडं दुसरी. माझ्या पाठीवर दगडी खांब चढला. कमानीसाठी सुतारानं लाकडाचा भला मोठा सांगाडा उभारला, आणि त्याच्या गोल पाठीवर गवंड्यानं एकेक दगड बसवायला सुरुवात केली.

मेव्हणा-मेव्हण्यांचं दिवसभर वाजायचं.

"लाकूड म्हणजे पाहुणा," गवंडी म्हणायचा. "आज आहे, उद्या नाही."

"भावोजी, हा पाहुणा निघून गेला ना, तर तुमचे दगड आत्ता नदीत आंघोळ करतील," सुतार वर न बघताच म्हणायचा.

"दोघांनी तोंड बंद करा, चुना सुकतोय," चुनेवाली ओरडायची. मग दोघं पुन्हा हातातलं काम धरायचे.

मला ते भांडण आवडायचं. एवढा गलका माझ्याभोवती कधी झाला नव्हता.

शेंड्यावरचा मधला दगड बसला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण काम संपलं नव्हतं. कमान अजून सांगाड्याच्या पाठीवर बसलेली होती. सांगाड्याचं एक टोक काठाच्या दगडी कट्ट्यावर होतं, दुसरं माझ्या कडेवर, आणि मधले दोन पाय नदीत. दोन्ही टोकांखाली लाकडाच्या जाड, निमुळत्या पाचरी मारलेल्या होत्या. सांध्यांतला चुना घट्ट झाला, की त्या पाचरी दोन्हीकडून सारख्या, हळूहळू ठोकून बाहेर काढायच्या. मग सांगाडा खाली बसतो आणि कमान स्वतःच्या जिवावर उभी राहते. एक बाजू आधी सुटली, तर कमान कलते, आणि कललेली कमान म्हणजे नुसता दगडांचा ढीग.

गवंड्यानं सक्त ताकीद दिली होती, "चुना धरेपर्यंत पाचरीला कुणी हात लावायचा नाही. आणि धरलाय की नाही, ते हीच सांगेल."

पावसाला अजून अवकाश होता. त्या दुपारी आकाश निळंशार होतं, ऊन चटके देत होतं. मला मात्र आधी कळलं. माझ्या पायाशी पाणी एकदम गार लागलं आणि त्यात पाचोळा आला. वर डोंगरात कुठं तरी धो धो कोसळला होता. मी ओरडून सांगणार कसा?

नावाड्यानं पाण्याचा रंग बघितला आणि बोंब मारली. माझ्यावर काम करणारी माणसं त्यानं होडीत भरली आणि काठाला नेली. सुतार सांगाड्याच्या जोडांवरून हात फिरवत खाली होता. चुनेवाली खांबाच्या बाजूचे सांधे भरत होती. "तुम्ही व्हा पुढं, आम्ही येतो," ती म्हणाली. पण होडी परत निघाली तेव्हा पाणी इतकं चढलं होतं, की नावाड्याला काठ सोडताच येईना.

"कमानीवरून या!" काठावरून गवंडी ओरडला. "चालत या दोघं! सांगाडा धरून आहे अजून!"

तेवढ्यात ते झाड आलं. मुळांसकट, सबंध. ते सांगाड्याच्या मधल्या पायांवर आदळलं आणि तिथंच अडकलं. वरपासून खालपर्यंत सांगाडा थरथरला, आणि ती थरथर कमानीतून, खांबातून माझ्या अंगात उतरली. झाडाच्या मुळांत गवत अडकायला लागलं. मग फांद्या, मग कुणाचं तरी वाहून आलेलं कुंपण.

सुताराचा चेहरा पांढरा पडला. त्याला काय दिसत होतं ते मला माहीत होतं. मीही ते बघितलं होतं.

"चल," चुनेवालीनं त्याचा दंड धरला. "चल वर."

तो हलला नाही. "ताई, पाय मोडणार. पाय मोडले की सांगाडा जाणार, आणि पाचरी घट्ट असताना गेला तर कमानीला ओढून नेणार. सगळं जाणार."

"जाऊ दे. दगडासाठी मरायचं का?"

"हा पूल गेला तर तिसऱ्यांदा कोण बांधणार?" तो ओरडून बोलत होता, पाण्याचा आवाजच तेवढा होता. "एकदा बाबांनी बांधला, गेला. हा गेला की लोक म्हणतील, या नदीवर पूल होत नाही. मग बसा होडीत. पाचरी आत्ता काढल्या तर सांगाडा सुटेल आणि एकटाच वाहून जाईल. कमान राहील."

"राहील?"

"ते तू सांग. चुना तुझा आहे."

ती कमानीवर चढली. मधल्या दगडाजवळ गुडघ्यांवर बसली आणि थापीचं टोक सांध्यात खुपसलं. वरची साय कडक होती. आत टोक सरसर गेलं. तिनं ते बाहेर काढून बोटानं पुसलं. दुसरा सांधा बघितला, तिसरा बघितला. काठावरून गवंडी तिच्याकडं बघत होता आणि मागोमाग वर चढून आलेला तिचा भाऊही.

"काय गं?" गवंडी ओरडला.

"सांग ना, धरलाय म्हणून," भाऊ खालच्या आवाजात म्हणाला. "नाही तर भावोजी ऐकायचे नाहीत."

ती उभी राहिली. "ओला आहे!" तिनं नवऱ्याला ओरडून सांगितलं. "आत लोण्यासारखा आहे!"

"मग संपलं! दोघं या इकडं, आधी इकडं या!"

"अहो, ऐका!" ती म्हणाली. "चुना ओला आहे, पण सांधे बघा तुमचे! माझी थापी धड आत जात नाही, एवढे बारीक आहेत. दगडाला दगड भिडलाय. माझा चुना नसता तरी ही उभी राहिली असती, असं तुम्हीच म्हणता ना रोज? मग आज बोला! तुमच्या दगडांवर तुमचा भरवसा आहे की नाही?"

गवंड्यानं कमानीच्या सांध्यांवरून नजर फिरवली. रोज बोलायचं वेगळं. रोज त्याच्या दगडावर कुणाचा जीव टांगलेला नव्हता.

झाडाला आणखी एक ओंडका येऊन धडकला. सांगाड्याच्या एका पायातून कडकन आवाज आला.

"अगं, पण एका हातानं व्हायचं नाही ते!" तो शेवटी म्हणाला. "दोन्हीकडून सारखं सुटायला हवं. तो तिथं, मी इथं. मला तो दिसणार नाही, त्याचा घण ऐकू येणार नाही!"

"मी मधे उभी राहते," ती म्हणाली. "मी हाक देईन. एका हाकेला एक घाव. दोघांनी."

"मधे? कमानीवर?" भाऊ आणि नवरा दोघं एकदमच ओरडले. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकमत मी तेवढंच ऐकलं.

"हो, मधेच. म्हणजे घाई कोण करतो तेही बघते."

गवंड्यानं घण उचलला आणि काठाच्या कट्ट्यावर, सांगाड्याच्या टोकाखाली उतरला. सुतारानं कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक खांबाच्या लोखंडी कडीत अडकवलं आणि माझ्या कडेवर आला. पाणी त्याच्या मांड्यांना लागत होतं.

ती मधल्या दगडावर उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात तोंडाशी धरलेले.

"मारा!"

दोन घाव. काठावरचा मला ऐकू आला नाही, पण सांगाड्यातून जाणवला.

"मारा!"

पाचर केसभर सरकली. फुगलेलं लाकूड होतं ते, सहज सुटत नव्हतं. सुतार घाव घालायचा आणि पाणी त्याला बाजूला ढकलायचं. पुन्हा पाय रोवून, हाकेची वाट बघायची. मला वाटत होतं, माझ्या कडेला एखादी खाच असती, एखादा उंचवटा असता, त्याच्या टाचेला आधार देणारा. मी गुळगुळीत होतो. नदीनंच मला तसा केला होता.

"थांबा!" ती मधेच ओरडली. "अहो, तुमची बाजू पुढं गेली! एक घाव सोडा!"

तिला ते तळपायांना कळत होतं. तिनं चपला काढून टाकल्या होत्या.

"आता दोघं. मारा!"

कमानीतून आवाज यायला लागले. दगडांनी दातओठ खावेत तसे, करकर, करकर. सांध्यांतून ओला चुना पिळून बाहेर आला आणि पांढऱ्या रेघांनी खाली ओघळला. कमान बसत होती. ती बसतेय की पडतेय, हे त्या वेळी कुणालाच सांगता आलं नसतं, मलासुद्धा. माझ्या पाठीवरचं वजन वाढत होतं. जे इतके दिवस लाकडानं पेललं होतं, ते थोडं थोडं माझ्याकडं येत होतं.

चुनेवालीच्या पायाखाली मधला दगड बोटभर खाली गेला. ती हलली नाही. तिचा आवाज मात्र चिरकला.

"मारा!"

सुताराच्या घावासरशी पाचर उडाली. सांगाडा दाणकन माझ्या कडेवर बसला. कमान आणि सांगाडा यांच्यामध्ये उजेडाची एक फट दिसली. टोकापासून टोकापर्यंत, सलग.

"सुटली!" सुतार ओरडला. "ताई, सुटली!"

आणि नदीनं सांगाडा उचलला. झाड, ओंडके, कुंपण, सगळ्यांसकट तो गरकन फिरला. त्याचा एक वासा माझ्यावर घासत आला, त्यानं सुताराचा पाय माझ्या अंगावर चिरडला. तेवढ्यानं भागलं नाही. कमरेच्या गाठीपुढं उरलेलं दोराचं टोक सांगाड्याच्या एका खुंटीला गुरफटलं, आणि सांगाडा निघाला तसा सुतारही त्याच्याबरोबर ओढला गेला. एका बाजूला कडी, दुसऱ्या बाजूला सांगाडा, मधे तो. दोर तारेसारखा ताणला. तो पाण्याखाली जायचा, वर यायचा, पुन्हा खाली.

चुनेवाली कमानीवरून धावत माझ्याकडं आली. त्याच्या हत्यारांच्या पेटीतून तिनं वाकस उचलली, लाकूड तासायची ती धारदार वाकस. कुठं तोडायचं? कडीकडचा दोर तोडला तर भाऊ सांगाड्याबरोबर जाणार. तोडायचा तो भावाच्या पलीकडचा, आणि तो पाण्यावर. ती माझ्या कडेवर पालथी पडली, एका हातानं त्याचे केस धरले आणि दुसऱ्या हातानं वाकस चालवली. पहिला वार पाण्यात गेला. दुसऱ्या वारानं दोराचे पीळ सुटले. तिसऱ्याला तो तुटला, आणि सांगाडा डुचमळत वळणाआड गेला.

दोघं माझ्यावर पडून होती. तो खोकत होता, ती त्याच्या पाठीत धपाटे घालत होती. पाणी काढायला की रागानं, कुणास ठाऊक. पाणी अजून चढत होतं. होडी नव्हती. वाट एकच होती, आणि ती आता कशावरही टेकलेली नव्हती.

तिनं भावाला पाठुंगळी घेतलं. तो अंगानं बापावर गेलेला, थोराड. ती खांबाच्या पायऱ्या चढली आणि कमानीच्या तोंडाशी थांबली.

"ताई, मला ठेव. एकटी जा आधी. दोघांचं वजन..."

"गप्प बस."

तिनं पाय टाकला. ती कमानीच्या निम्म्यावर पोहोचली तोवर समोरून गवंडी आला. ज्यानं ओल्या चुन्याच्या कमानीवर पाखरू बसलं तरी हाकललं असतं, तो गवंडी धावत आला. त्यानं मेव्हण्याचे पाय धरले, तिनं खांदे धरले, आणि तिघं अलीकडच्या काठाला गेली. त्या पुलावरून गेलेली पहिली माणसं ती. काठावर पोहोचल्यावर गवंडी खाली बसला आणि ढसाढसा रडला. सुतार कण्हत म्हणाला, "भावोजी, पाहुणा गेला एकदाचा." त्यावर गवंडी रडता रडता हसला, आणि चुनेवालीनं दोघांनाही एकेक शिवी हासडली.

सुताराचा तो पाय पुन्हा सरळ झाला नाही. पण कमान उभी राहिली.

दुसरी कमान मात्र झालीच नाही. त्या पुरानं पलीकडचा तळ पार खरवडून नेला होता, सांगाड्याचे पाय टेकायला जागाच मिळेना. मग बरीच वर्षं लोक कमानीवरून माझ्यापर्यंत येत आणि पुढं नावांना नावा जोडून केलेल्या तरंगत्या पुलावरून डुलत डुलत पलीकडं जात. पूर आला की नावा सोडायच्या, ओसरला की जोडायच्या. गवंडी, सुतार, चुनेवाली म्हातारी झाली आणि एकामागून एक येईनाशी झाली. मी वाट बघायचो. कुणी मला सांगायला आलं नाही. दगडाला कोण कळवणार?

मग लोखंड आलं. मोठमोठ्या तुळया, भट्टीत लाल केलेले खिळे, आणि ते थंड व्हायच्या आत ठोकणारी माणसं. माझ्यापासून पलीकडच्या काठापर्यंत त्यांनी एकही पाय नदीत न टाकता लोखंडी पूल टाकला. एका बाजूनं दगड, दुसऱ्या बाजूनं लोखंड, मधे मी. गाड्या आल्या, मोटारी आल्या, मालट्रक आले. रात्रंदिवस माझी पाठ हादरत असायची. मला झोप कशी ती आठवेनाशी झाली.

लोखंड गंजलं. ट्रक मोठे झाले. एके दिवशी होडीतून एक इंजिनिअर बाई आली, तिच्याबरोबर एक मदतनीस. त्यांनी माझ्यावर यंत्र ठेवून खोल भोक पाडलं आणि माझ्या आतला दगड लांबलचक नळीसारखा बाहेर काढला. तिनं तो उन्हात धरला. मधोमध एक बारीक, तिरकी रेघ होती. इतकी वर्षं ठोके सोसून पडलेली. ती आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"तडा आहे," ती म्हणाली.

"भरून घेता येईल ना, मॅडम? सिमेंटनं?"

"भरता येईल. पण मी यावर नवं ओझं टाकणार नाही. आपण याला न शिवता जाऊ."

न शिवता. मी पुन्हा पुन्हा तोच शब्द ऐकत राहिलो.

आणि ते खरोखर तसेच गेले. दोन्ही काठांवर आभाळाला टेकणारे खांब उभे राहिले, त्यांवरून माणसाच्या कमरेएवढे जाड पोलादी दोर आले, आणि दोरांना सगळा रस्ता टांगला. नदीत एकही पाय नाही. वरून दिवसभर गाड्या सुसाट जातात. त्यांतल्या कुणाला खाली नदी आहे हेसुद्धा कळत असेल की नाही, शंकाच आहे. लोखंडी पूल कापून नेला. कमान तेवढी राहू दिली. ती काठावरून निघते आणि माझ्यावर येऊन संपते. पुढं रस्ता नाही.

लोक फिरायला येतात. कमानीवरून चालत येऊन माझ्याजवळ बसतात, फोटो काढतात, शेंगा खाऊन टरफलं टाकतात. मला राग येत नाही. पण मागं एका पुरात जे झालं, ते सांगायला हवं. त्याचसाठी मी बोलायला बसलोय.

पाणी चढलं होतं. काठावर साखळी लावलेली होती, तरी एक माणूस ती ओलांडून आला. खांद्यावर त्याची छोटी मुलगी. तिला पूर दाखवत होता. "ते बघ झाड चाललंय. ते बघ फेस." ती टाळ्या पिटत होती. अगदी माझ्या माथ्यावर येऊन तो उभा राहिला. त्याच वेळी माझ्या आतला तडा उघडला. मी जीव खाऊन आवळून धरलं, पण माझ्या कुशीतला एक भलामोठा तुकडा सुटला आणि पाण्यात गेला.

त्याच्या तळपायांना ते कळलं. तो बोलता बोलता थांबला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही गं. चल, आता घरी जाऊ."

तो वळला. पळाला नाही. खांद्यावर पोर होतं, तिला घाबरवायचं नव्हतं. एकेक पाऊल मोजून टाकत, तिच्याशी उगाच काहीबाही बोलत, तो कमानीवरून चालत गेला. मला प्रत्येक पाऊल लागत होतं. मी तडा धरून होतो आणि मनात म्हणत होतो, जा, जा, लवकर जा. काठावर पोहोचल्यावर त्यानं मुलीला खाली उतरवलं. तो चिखलात बसला आणि तिला पोटाशी धरून बसूनच राहिला.

तेव्हापासून दर पुरात माझा थोडा थोडा भाग जातो. कमानीचा एक पाय माझ्यावर आहे, आणि मी किती दिवस पुरा पडेन ते मला सांगता येत नाही. उगाच धीर देणार नाही. तुम्ही मला पिढ्यान्‌पिढ्या भरवशाचा म्हटलंत, आता म्हणू नका. पाणी गढूळ दिसलं, गार लागलं, पाचोळा वाहत यायला लागला, की साखळीच्या आत येऊ नका. पोरांना पूर दाखवायचा असेल, तर काठावरच्या उंचवट्यावरून दाखवा. तिथून सगळं दिसतं.